हमीभाव ५,३२८, मंडीत ४,०००: सोयाबीनच्या शेतकऱ्याचा हिशेब बिघडतो कुठे?

ऑक्टोबर लागला की इंदुरातल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. कुणाची देपालपूरला वडिलोपार्जित जमीन असते, कुणी सांवेरकडचे दहा एकर ठेक्याने दिलेले असतात, कुणाचे काका देवासजवळ अजून स्वतः शेती बघतात. पेपरात छापून येतं, सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. गावाहून फोन येतो, चार हजारांना दिलं. "अहो काका, सरकारनं भाव ठरवून दिलाय ना? मग कमी भावात दिलंत कशाला?" यावर काका जे बोलतात ते इथे छापण्यासारखं नसतं.

प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर एका ओळीत मिळत नाही, कारण त्यात तेलाचं आयात शुल्क येतं, गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज येतं, दुकानदाराची उधारी येते आणि ट्रॅक्टरचा हप्ताही येतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भाव काय निघेल हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. पैसे कोणत्या तारखेला लागणार, हे थोडंफार असतं. बहुतेक घरांत माल विकला जातो तो देणेकऱ्याची तारीख आली म्हणून, आणि दुरुस्तीला जागा आहे ती तिथेच.

## हमीभाव कुणावर बंधनकारक आहे?

व्यापाऱ्यावर नाही. हमीभाव, म्हणजे किमान आधारभूत किंमत, केंद्र सरकार २२ पिकांसाठी जाहीर करतं. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो, मंत्रिमंडळ मंजुरी देतं. अर्थ एवढाच की सरकारने खरेदी केली तर या भावाने करील. लक्ष्मीबाईनगरच्या किंवा छावनीच्या मंडीत लिलाव होतो तेव्हा बोली लावणारा व्यापारी त्या आकड्याला बांधलेला नसतो. गव्हाची सरकारी खरेदी मध्य प्रदेशात मोठ्या प्रमाणावर आणि वर्षानुवर्षं होते, म्हणून गव्हाचा हमीभाव खरोखर जाणवतो. सोयाबीनचं तसं नाही. २०२४ मध्ये खरेदी झाली, पण तिला ओलाव्याची अट होती. आधी १२ टक्के, मग ओरड झाल्यावर १५.

हा ५,३२८ आकडा आला कुठून? आयोगाने २०२५-२६ साठी धरलेला उत्पादनखर्च क्विंटलला ३,५५२ रुपये. त्याची दीडपट केली की ५,३२८. या ३,५५२ मध्ये खिशातून गेलेला खर्च येतो (बियाणं, खत, फवारणी, मजुरी, डिझेल, ठेक्याने घेतलेल्या जमिनीचं भाडं) आणि घरच्या माणसांच्या कष्टाची अंदाजे किंमत येते. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज यात धरलेलं नाही. ते धरा आणि मग दीडपट द्या, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. वाद त्या फरकाचा आहे आणि तो छोटा नाही. आणखी एक गोष्ट: आयोगाचा खर्च ही देशभरची सरासरी असते. काकांच्या शेताचा खर्च वेगळा असतो, आणि शेजारच्या बांधापलीकडचा त्याहून वेगळा.

## मग मंडीतला भाव कोण ठरवतं?

शंभर किलो सोयाबीन गाळलं की साधारण अठरा किलो तेल निघतं आणि ऐंशीच्या आसपास पेंड. व्यापारी सोयाबीन घेतो म्हणजे हे दोन माल घेतो. दोन्हींचे भाव इंदुराबाहेर ठरतात.

तेलाचं सोपं आहे. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. इंडोनेशिया-मलेशियातून पाम, अर्जेंटिना-ब्राझीलमधून सोयातेल. सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, शेतकऱ्याला बरं वाटलं. ३० मे २०२५ ला तेच शुल्क १० टक्क्यांवर आलं, म्हणजे पेरणीच्या ऐन तोंडावर. घरात तेलाची पिशवी स्वस्त झाली म्हणून आपण खूश होतो तेव्हा काकांच्या सोयाबीनचा भावही खाली सरकलेला असतो. दोन्ही बाजूंनी बोलणारा सरकारी कागद मी तरी पाहिलेला नाही.

पेंडीचं जरा गुंतागुंतीचं. ती कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते, काही निर्यात होते. आपल्या पेंडीपेक्षा दक्षिण अमेरिकेची पेंड जगात बऱ्याचदा स्वस्त पडते. देशातही तिला नवा स्पर्धक आला आहे. तांदूळ-मक्यापासून इथेनॉल बनवताना जो प्रथिनांचा चोथा उरतो, तो खाद्य कारखान्यांना स्वस्तात मिळतो. म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं धोरण माळव्यातल्या सोयाबीनच्या भावाला कुठून तरी जाऊन लागतं.

या सगळ्यातून भाव किती हलतो? ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. २०२४ च्या सप्टेंबरात ते चार हजारांच्या आत-बाहेर होतं आणि गावोगाव सहा हजारांची मागणी करत लोक रस्त्यावर उतरले होते. भाव निम्म्याहून खाली आला, आणि त्या तीन वर्षांत मजुरी, फवारणी, हार्वेस्टरचं भाडं यांतलं काहीच उतरलं नाही. खतांचं वेगळं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना आणि डीएपीची ५० किलोची १,३५० रुपयांना, अनुदानामुळे भाव बांधलेला आहे. तिथे महागाईपेक्षा रांग जास्त छळते.

## भावांतर म्हणजे नेमकं काय मिळतं?

२०१७ च्या जूनमध्ये मंदसौरला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, सहा जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्य सरकारने भावांतर योजना आणली. पुढे ती मागे पडली आणि २०२५ मध्ये सोयाबीनसाठी परत आली. सरकार माल घेत नाही. तुम्ही मंडीत व्यापाऱ्याला विका, हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक सरकार खात्यात टाकतं.

गोम "बाजारभाव" कोणता, यात आहे. तुमच्या पावतीवरचा नव्हे. राज्यातल्या मंड्यांची सरासरी काढून 'मॉडल रेट' जाहीर होतो. २०२५ च्या नोव्हेंबरात पहिला मॉडल रेट ४,०२० निघाला, म्हणजे फरक १,३०८. समजा काकांचा माल ओला होता, डागी होता, आणि तो ३,६०० ला गेला. त्यांना फरक १,३०८ चाच मिळणार. ३,६०० अधिक १,३०८ म्हणजे ४,९०८. हमीभावापेक्षा ४२० कमी. ही ४२० ची खोट दर्जाची आहे आणि ती काकांनाच सोसायची. चार दिवस ऊन दाखवून, चाळून माल नेला असता तर यातलं बरंच वाचलं असतं. भावांतराने बाजार पडल्याचं नुकसान भरून निघतं, माल खराब असल्याचं निघत नाही.

अटी तीन लक्षात ठेवायच्या. वेळेत नोंदणी हवी (२०२५ मध्ये ती ३ ते १७ ऑक्टोबर होती). विक्री ठरलेल्या मुदतीत आणि मंडीतच हवी, गावात खळ्यावर येणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेला माल यात बसत नाही. आणि पैसे नंतर येतात. ते आल्याशिवाय खर्चात धरायचे नाहीत.

"सरकार फरक देणारच म्हटल्यावर व्यापारी मुद्दाम भाव पाडणार नाही का?" ही शंका २०१७ मध्ये उघडपणे घेतली गेली होती आणि ती बिनबुडाची नाही. एकाच मुदतीत सगळ्यांनी माल आणला की भाव पडतो, त्यासाठी कुणी कट करायचीही गरज नसते.

## आधी स्वतःचा आकडा काढा

आता काकांची वही उघडू. आकडे मी गोल केलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. एका एकराला:

ट्रॅक्टरची कामं ३,०००. बियाणं तीस किलो, २,२००. खत १,८००. तणनाशक आणि फवारण्या ३,५००. मजुरी १,५००. काढणी-मळणी २,५००. वाहतूक आणि हम्माली ५००. बेरीज १५,०००. ट्रॅक्टर स्वतःचा असला तरी तीन हजार धराच. डिझेल आणि दुरुस्ती मिळून बरंचसं जातंच.

एकरी पाच क्विंटल पिकलं तर क्विंटलमागे खर्च ३,०००. हा काकांचा ना-नफा-ना-तोटा भाव. चार हजारांना विकलं तर एकराला पाच हजार सुटतात. चारच क्विंटल पिकलं तर हा भाव ३,७५० वर जातो. पिवळ्या मोझॅक रोगाने किंवा काढणीच्या पावसाने तीनच क्विंटल हाती आलं तर ५,०००, आणि मग चार हजारांचा भाव म्हणजे एकराला तीन हजारांचं नुकसान. म्हणून भावाची बातमी वाचताना उतारा, म्हणजे एकरी किती पिकलं ते, विसरायचा नाही. एक क्विंटलचा उतारा वाढला तर जे मिळतं ते क्विंटलमागे सात-आठशेने भाव वाढल्यासारखं असतं, आणि उतारा निदान काही अंशी आपल्या हातात आहे.

आता हीच जमीन ठेक्याने घेतलेली असेल आणि या हंगामाच्या वाट्याला एकरी दहा हजार भाडं येत असेल, तर पाच क्विंटलवरही खर्च ५,००० होतो. म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच भावाने विकून एक जण पाच हजार कमावतो आणि दुसरा पाच हजार घालवतो. "शेतकऱ्याला परवडतं का?" या प्रश्नाला एकच उत्तर का नसतं ते इथे दिसतं.

खर्च कमी करायच्या जागा आहेत, पण त्या फार मोठ्या नाहीत. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सत्तरच्या वर उगवले तर विकतच्या बियाण्याची गरज नाही. डीएपीच्या रांगेत दिवस घालवण्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट बघा. त्यात स्फुरद १६ टक्केच असतं, पण सोयाबीनसारख्या तेलबियांना लागणारं गंधकही मिळतं. दुकानदार सांगेल ती प्रत्येक फवारणी करायची नाही. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरातच आहे आणि तिथला सल्ला फुकट असतो.

## पैसे कधी लागतात?

नोकरदार वाचकांनी अशी कल्पना करावी की पगार वर्षातून दोनदाच होतो, ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये, आणि किती होणार ते पगाराच्या दिवशी कळतं. किराणा, फी, औषधं दर महिन्याला लागतातच. अशा घरात सगळ्यात जपायची गोष्ट कोणती? उत्पन्नाआधी मधले महिने.

काकांची दहा एकर, पन्नास क्विंटल सोयाबीन, चार हजारांच्या भावाने दोन लाख. आता ऑक्टोबरातली देणी बघा. कीटकनाशकाच्या दुकानाची उधारी ३५,०००. गव्हाच्या पेरणीला ८०,०००. दिवाळी, मुलांची फी, घरखर्च ४०,०००. ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता ४५,०००. बेरीज बरोबर दोन लाख. म्हणजे सगळाच्या सगळा माल ऑक्टोबरातच विकणं भाग आहे, आणि तेही सर्वांत जास्त आवक असते तेव्हा. भाव बघायची सोयच उरली नाही. उद्या भाव वाढेल हे काकांना ठाऊक असतं तरी त्यांनी हेच केलं असतं.

आता दोनच गोष्टी हलवू. ट्रॅक्टरचा हप्ता कर्ज घेतानाच एप्रिलचा ठरवून घ्यायचा, कारण माळव्यात घर चालवतो तो गहूच. ओलिताच्या गव्हाला एकरी अठरा क्विंटल सहज धरता येतात, सरकारी खरेदीही असते. दुसरं, दुकानाच्या उधारीऐवजी किसान क्रेडिट कार्डाचे पैसे. मग ऑक्टोबरात लागतात १,२०,०००. तीस क्विंटल विकले की भागतं आणि वीस क्विंटल घरात राहतात. भाव तोच, पीक तेच, एक पैसा जास्त मिळालेला नाही. वीस क्विंटलांपुरता निर्णय मात्र काकांचा झाला.

किसान क्रेडिट कार्डाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक ते एकदाचं कर्ज समजतात. पीकनिहाय ठरलेली एकरी रक्कम आणि तुमचं क्षेत्र यांचा गुणाकार, वर १० टक्के घरखर्चासाठी, २० टक्के शेतीच्या दुरुस्ती-देखभालीसाठी, अशी मर्यादा ठरते. तीन लाखांपर्यंत व्याज ७ टक्के, वेळेवर फेडलं तर ३ टक्के सवलत, म्हणजे ४. मध्य प्रदेशात सहकारी सोसायटीकडून घेतलं आणि मुदतीत फेडलं तर शून्य टक्के. खरिपाच्या कर्जाची मुदत साधारण २८ मार्च असते, रब्बीची १५ जून. मुदत चुकली की सवलत गेली. खत सोसायटीतून उधार मिळणंही बंद होतं. दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही, ही मर्यादा जानेवारी २०२५ पासून १.६० लाखांवरून वाढलेली आहे. तरी लोक दुकानदाराकडेच जातात, कारण तिथे कागद लागत नाहीत आणि दुकान संध्याकाळीही उघडं असतं. त्या सोयीची किंमत बाटलीच्या भावात मिळवलेली असते.

## "साठवून ठेवा" हा सल्ला श्रीमंतांसाठी आहे का?

अर्धवट. साठवणं परवडतं की नाही हे तुमचा पैसा किती महाग आहे यावर ठरतं. काकांचे ते वीस क्विंटल ऑक्टोबर ते फेब्रुवारी ठेवले असं धरा. मालाची किंमत ८०,०००. गोदामाचं भाडं क्विंटलला महिना दहा रुपये धरलं तर ८००. वाळून वजन दोन टक्के घटलं तर १,६०० गेले. ८०,००० चं चार महिन्यांचं व्याज ४ टक्के दराने १,०६७. एकूण ३,४६७, म्हणजे क्विंटलमागे पावणेदोनशेच्या आत. तेवढ्यापेक्षा भाव जास्त वाढला तर फायदा.

हेच पैसे खासगी सावकाराचे असतील, महिना दोन टक्क्यांचे, तर व्याजच ६,४०० होतं आणि क्विंटलमागे खर्च ४४०. तेव्हा सावकाराच्या पैशावर सोयाबीन साठवू नये. ज्याचं कर्ज महाग त्याने माल विकून आधी कर्ज मिटवावं, भाव काही असो. हा सल्ला कुणाला आवडत नाही.

वखार नियामकाकडे नोंदलेल्या गोदामात माल ठेवला तर पावती मिळते आणि तिच्यावर बँक कर्ज देते. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या लहान शेतकऱ्याला सहा महिन्यांपर्यंत ते सवलतीच्या दराने मिळू शकतं. व्यवस्था चांगली आहे. गावापासून असं गोदाम किती लांब आहे आणि तिथे वीस क्विंटलवाल्याला कोण विचारतं, हे मात्र जाऊनच बघायला हवं.

आणि साठवणं म्हणजे चढ्या भावाची वाट बघत बसणं नव्हे. २०२१ मध्ये दहा हजार पाहिलेल्या पुष्कळांनी पुढच्या वर्षी माल धरून ठेवला. २०२२ च्या वसंतात सात हजारांवर भाव होता, तोही नाकारला, आणि मग दोन-अडीच वर्षं भाव उतरतच गेला. तुकड्यातुकड्याने विकावं. काही ऑक्टोबरात, काही डिसेंबरात, उरलेला फेब्रुवारीत. वरचा भाव हुकतो, पण तळाला सगळा माल जात नाही. भावांतराची मुदत असेल तर हे तुकडे त्या मुदतीच्या आत बसवा. २०२५ ची मुदत २४ ऑक्टोबर ते १५ जानेवारी अशी होती. १,३०८ रुपये सोडून फेब्रुवारीपर्यंत थांबायला भाव तेवढा वाढायला हवा, आणि तो इतका वाढेल या आशेवर मी तरी पैसे लावणार नाही.

वायदे बाजाराचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवण्याचा, मार्ग डिसेंबर २०२१ मध्ये बंद केला गेला. सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे तेव्हा थांबवले. छोटा शेतकरी तिथे थेट जात नव्हताच, पण तीन महिन्यांनी भाव काय असेल याचा एक अंदाज तिथून दिसायचा. तोही गेला.

## "सोयाबीन सोडा, लसूण लावा"

हे सांगणारे चोइथराम मंडीत एका चांगल्या वर्षी जाऊन आलेले असतात. २०२४ मध्ये लसूण किरकोळ बाजारात किलोला चारशेवर गेला होता. २०१८ मध्ये हाच लसूण नीमच-मंदसौरकडे किलोला एक-दोन रुपयांवर आला होता. कारण एकच. भाव चढला की पुढच्या हंगामात सगळे तेच लावतात, माल एकदम येतो, भाव कोसळतो, मग सगळे सोडून देतात आणि भाव पुन्हा चढतो. बटाट्याचं तेच, कांद्याचं तेच. कांद्यावर तर सरकारही हात फिरवतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये शुल्कासह परवानगी, आणि शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला.

लसणात आणखी एक खुबी आहे जी बाहेरच्याला पटकन दिसत नाही. लसणाचं बियाणं म्हणजे लसूणच, एकरी दोन क्विंटलच्या वर लागतो. भाव टिपेला असताना लावायला गेलात तर बियाणंही टिपेच्या भावाने घ्यावं लागतं. दोनशे रुपये किलो धरले तरी चाळीस हजार नुसत्या कळ्यांचे. आणि विकायची वेळ येते तेव्हा भाव बियाण्याच्या भावाच्या पाव असू शकतो. २०२४ च्या शरदात लावणाऱ्या अनेकांचं २०२५ मध्ये असंच झालं.

म्हणून दहा एकरांत एक-दोन एकर लसूण लावावा, पूर्ण बुडाला तरी गहू घर चालवील एवढाच. चिप्सच्या कंपन्यांशी करार करून बटाटा लावणारे महूकडे आहेत, त्यांना भाव आधी कळतो. पण आकार आणि साखरेच्या प्रमाणावरून माल नाकारला गेला तर काय, हे करारात वाचून घ्यायचं.

इथेच एक जुना गैरसमज. भाव पडला की कांदा किंवा लसूण रस्त्यावर टाकल्याचे फोटो येतात आणि शहरातले लोक हळहळतात, "गरिबाला वाटला असता." हिशेब करा. पीक उभं करायला लागलेले पैसे गेलेलेच आहेत, विकलं तरी आणि नाही विकलं तरी. आता प्रश्न फक्त पुढच्या खर्चाचा: काढणीची मजुरी, पोती, गाडीभाडं, हम्माली. हे सगळं मिळून किलोला चार रुपये पडत असतील आणि मंडीत दोन मिळत असतील, तर नेलेल्या प्रत्येक किलोमागे आणखी दोन रुपये जातात. वाटायचं तरी शहरापर्यंत भाडं कुणी भरायचं? हाच हिशेब उलटाही चालतो. भाव एकूण खर्चापेक्षा कमी असला तरी उरलेल्या खर्चापेक्षा जास्त असेल तर माल काढावा आणि विकावा, रागावून नांगर घालू नये.

## विमा आहे ना? आणि कर्जमाफी?

पीक विमा उताऱ्याचा आहे, भावाचा नाही. खरिपात शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत दीड, बागायती-नगदी पिकांना ५. सोयाबीनचं नुकसान पटवारी हलक्याच्या, म्हणजे एका तलाठ्याकडे असलेल्या भागाच्या, सरासरीवर मोजलं जातं, म्हणून तुमचंच शेत बुडालं आणि बाकी हलका बरा पिकला तर काही मिळत नाही. गारपीट, पाणी साचणं, काढून ठेवलेलं पीक भिजणं यांचं वेगळं. ७२ तासांत कळवलं, १४४४७ वर किंवा ॲपवर, तर पाहणी एका शेतापुरती होते. २०२० पासून विमा ऐच्छिक आहे, पण कर्जदाराला नको असेल तर तसं बँकेला मुदतीच्या सात दिवस आधी लिहून द्यावं लागतं. मी तो काढून टाकायला सांगणार नाही. किसान सन्मान आणि राज्याचा किसान कल्याण निधी मिळून वर्षाला बारा हजार येतात, त्यातून हप्ता भरायचा आणि विसरून जायचं.

कर्जमाफीबद्दल कडू बोलावं लागेल. २०१८ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशात दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली. अनेकांनी हप्ते थांबवले. काहींचं माफ झालं, काहींचं अडकलं, आणि जे अडकले ते थकबाकीदार झाले. शून्य टक्क्यांचं कर्ज गेलं, सोसायटीचं खत गेलं, व्याज मात्र चढत राहिलं. २०२३ मध्ये राज्याला अशा थकबाकीदारांचं निव्वळ व्याज माफ करायची वेगळी योजना काढावी लागली, आणि संख्या लाखांत होती. माफी आली तर आली. तिच्या भरवशावर २८ मार्च चुकवू नये.

## ट्रॅक्टर स्वस्त झालाय, घ्यावा का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सहा लाख मूळ किमतीवर ४२,००० वाचतात. शोरूमसमोर फुलांच्या माळा घातलेले ट्रॅक्टर तेव्हापासून जास्तच दिसतात.

काकांनी दहा एकरांना भाड्याचा ट्रॅक्टर लावला असता तर दोन्ही हंगामांत खर्च एकरी तीन-तीन हजार, म्हणजे वर्षाला ६०,०००. स्वतःच्या ट्रॅक्टरचे नुसते हप्तेच ९०,०००, वर डिझेल, टायर, विमा. फरक भरून काढायला दुसऱ्यांची शेतं नांगरावी लागतील, आणि ते जमणार असेल, घरात चालवणारा मुलगा असेल, तरच घ्यावा. जीएसटी कमी झाला म्हणून दहा एकरांची वीस होत नाहीत. पण पेरणीची दोन दिवसांची घात (जमिनीत नेमकी ओल असण्याची वेळ) असते आणि भाड्याचा ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी येतो, हाही खर्चच आहे, तो वहीत लिहिला जात नाही एवढंच. माझा कल तरीही दोघा-तिघा भावकीत मिळून घेण्याकडे आहे, भांडणं होतात हे मान्य करून.

## जमीन ठेक्याने देणाऱ्या इंदूरकरांसाठी

वरच्या हिशेबातला दहा हजारांचा आकडा आठवा. तो तुम्ही ठरवता. २०२१ च्या भावावर ठरलेला ठेका अजून तसाच चालू असेल तर जमीन कसणाऱ्याचा तोटा तुमच्या खात्यात जमा होतोय.

ठेका तोंडी असतो, कारण जमीन जाईल ही भीती. पण मध्य प्रदेशात २०१६ पासून भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्या हितरक्षणाचा कायदा आहे. लेखी करार केला, त्याची प्रत तहसीलदाराकडे दिली, तर जमीन तुमचीच राहते, आणि कसणाऱ्याला विम्याचा, आपत्तीच्या मदतीचा हक्क मिळतो. करार नसेल तर भावांतराची नोंदणी सातबाऱ्यावर, म्हणजे इथल्या भाषेत खसऱ्यावर, नाव असलेल्याच्या नावे होते, पैसे तुमच्या खात्यात येतात, आणि मग ते त्याला द्यायचे की नाही यावरून दर वर्षी कुरबूर होते. करारातच लिहून टाका की ते कुणाचे.

आणि ठेक्याची रक्कम मे महिन्यात एकरकमी मागू नका. पेरणीआधी त्याच्याकडे पैसे नसतात, तो सावकाराकडून आणतो, आणि तिथूनच त्याच्या ऑक्टोबरातल्या सक्तीच्या विक्रीची सुरुवात होते. अर्धी पेरणीआधी, अर्धी गहू विकल्यावर एप्रिलमध्ये, असं ठरवलं तर तुमचं थोडंफार व्याज जाईल. कसणारा टिकला तर पुढच्या वर्षी नवा माणूस शोधत देपालपूरला खेपा घालाव्या लागणार नाहीत.